ग्रामसभेत आपला विषय ठरावापर्यंत कसा न्यायचा

"सभेला जाऊन काय होतंय? त्यांचं आधीच ठरलेलं असतंय." ग्रामसभेचा विषय काढला की पारावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खोटं नाही. ज्यांची कामं ग्रामसभेत मंजूर होतात, त्यांचं आधीच ठरलेलं असतं. मग आपणही आधी ठरवून जावं, एवढाच त्याचा अर्थ. सभा दोन तासांची असते, खरं काम तिच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या महिन्यात होतं. आणि शेवटी हिशेबात धरलं जातं ते सभेत कोण किती मोठ्याने बोललं हे नाही, इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, काय लिहिलं गेलं ते.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या साध्या ग्रामपंचायतीपुरतं आहे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या गावांना वेगळे आणि जास्तीचे अधिकार आहेत, त्यांचे २०१४ चे नियम स्वतंत्र आहेत. तिथल्या वाचकांनी ते आधी पाहावेत.

आधी नाव, मग आवाज

गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. दुसरी कुठलीही अट नाही. घरपट्टी थकलेली असली तरी सभेत बोलायचा आणि हात वर करायचा हक्क जात नाही. पण अडचणीचा प्रश्न विचारला की "आधी पट्टी भर, मग बोल" हे उत्तर तयारच असतं. म्हणून थकबाकी असेल तर आठवडाभर आधी भरा आणि पावती खिशात ठेवा. कायद्यासाठी याची गरज नाही, समोरच्याचं तोंड बंद करायला मात्र ती पुरते.

मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांची गोष्ट वेगळी. गावात घर आहे, गणपतीला येणं आहे, पण नाव भांडुपच्या किंवा हडपसरच्या यादीत आहे, तर ग्रामसभेत मत नाही. त्यांनी कागद मिळवायचं काम अंगावर घ्यावं. ते लांबूनही करता येतं आणि गावातल्या माणसाला त्याचा मोठा आधार होतो.

कुठल्या सभेत काय

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना किंवा आसपास होतात. चारही सभा सारख्या नसतात, आणि इथेच अनेकांचा नेम चुकतो.

आर्थिक वर्षातली पहिली सभा, म्हणजे बहुधा मे महिन्यातली, हिशेबाची. कलम ८ नुसार मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षात करायची कामं आणि शेवटचं लेखापरीक्षण, म्हणजे ऑडिटचे शेरे आणि त्यांना पंचायतीने दिलेली उत्तरं, हे सगळं या सभेपुढे ठेवणं पंचायतीला बंधनकारक आहे. पैशांचे प्रश्न इथे विचारा. नवा रस्ता, गटार, पाण्याची टाकी हवी असेल तर मे महिन्यात भांडून फारसं हाती लागत नाही, कारण त्या वर्षाचा आराखडा आधीच झालेला असतो. पुढच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास'वाला, साधारण ऑगस्ट ते जानेवारीच्या दरम्यान आकार घेतो. २ ऑक्टोबरच्या सभेपर्यंत तुमचं काम यादीत शिरलं नाही, तर पुढे वर्षभर "निधी नाही" हेच ऐकावं लागणार. ते उत्तर तेव्हा खरंही असतं.

नोटीस लागायच्या आधीचे कागद

सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. पंचायतीच्या फलकावर, चावडीवर, जिथे पद्धत आहे तिथे दवंडीने. आता ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही येते, पण बरेचदा फक्त एकाच गटाच्या ग्रुपवर. फलकावर नोटीस दिसली की तारखेसकट तिचा फोटो काढून ठेवा.

पण नोटिशीची वाट कशाला पाहायची? ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा आणि त्यावर झालेला खर्च लॉगिन न करता पाहता येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. आपल्या आळीतल्या गटाराचं काम तिथे असतं आणि रक्कमही असते, आळीत मात्र गटार नसतं. अशा वेळी लगेच बोंब ठोकू नका. काम आराखड्यात आहे पण सुरू झालेलं नाही, असंही असू शकतं. आराखडा आणि प्रत्यक्ष अदा झालेली रक्कम हे वेगवेगळे रकाने आहेत. दोन्हींची प्रत काढा आणि मग गटारापाशी जाऊन उभे राहा.

पंचायतीत बसून पाहायचे कागद मोजकेच आहेत: नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी. एखाद्या झालेल्या कामाबद्दल शंका असेल तर त्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे 'एमबी' म्हणतात, ते मागा. रस्ता किती लांब, किती रुंद, किती जाड हे एमबीत लिहिलेलं असतं. टेप घेऊन तो रस्ता मोजायला अर्धा तास पुरतो. "भ्रष्टाचार झालाय" असं म्हणणाऱ्याला सभेत कोणी धूप घालत नाही. "एमबीत ११० मीटर आहे, जागेवर ८२ भरतो" असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

निधीचे कप्पेही माहीत हवेत, नाहीतर मागणी बरोबर आणि पैसा चुकीचा अशी गत होते. वित्त आयोगाचे पैसे बंधित (ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचे) आणि अबंधित अशा दोन भागांत येतात. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी बंधित भाग ६० टक्के ठेवला होता, तोही पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. तिथून स्मशानभूमीचं शेड मागितलं तर ग्रामसेवक दोन शब्दांत वाटेला लावतील. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. हा पैसा वर्षाअखेरीस घाईघाईत कशावर तरी उडवला जातो, कारण वर्षभर तो कोणी मागतच नाही. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांचं काय झालं, हा एक प्रश्न प्रत्येक मे महिन्यात कुणीतरी विचारायलाच हवा.

विषय लेखी द्या

प्रत्येक विषयपत्रिकेचा शेवटचा मुद्दा ठरलेला: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. सामान्य माणसाचे विषय बहुतेक इथेच येऊन पडतात. तोवर अर्धी सभा उठून गेलेली असते, दुसरीकडे चहा आलेला असतो. गंमत म्हणजे सत्ताधाऱ्यांना गुपचूप उरकायचे विषयही याच दाराने येतात. म्हणून दोन गोष्टी करा. स्वतःचा विषय आयत्या वेळेवर ठेवू नका आणि आयत्या वेळचे विषय संपेपर्यंत खुर्ची सोडू नका.

विषय सरपंचांच्या नावे साध्या कागदावर लिहा. दोन प्रती काढा. एक पंचायतीत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घ्या. ग्रामसेवक भाऊसाहेब (हल्ली पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण हाक तीच) दुसऱ्या सज्ज्यावर गेलेत म्हणून पोच मिळत नसेल, तर स्पीड पोस्टाने पाठवा. अर्ज एका विषयाचा, एका पानाचा ठेवा. खाली त्या आळीतल्या वीस-पंचवीस जणांच्या सह्या असल्या तर उत्तम.

अर्जातच ठरावाचा मसुदा लिहून द्या. हे फार कमी लोक करतात आणि याचाच फायदा सगळ्यात जास्त होतो. सभेनंतर इतिवृत्त लिहिणाऱ्याला तयार मजकूर मिळाला की तो तोच उतरवतो. नाहीतर तुमच्या पंधरा मिनिटांच्या भाषणाचं असं होतं:

"खालच्या आळीतील पाणीप्रश्नावर सविस्तर चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले."

या वाक्यात कोणी, काय, कधी, कुठल्या पैशातून यातलं काहीच नाही. असा ठराव शंभर वर्षं पडून राहिला तरी कोणाला जाब विचारता येत नाही. त्याऐवजी असं द्या:

"खालच्या आळीतील सार्वजनिक नळकोंडाळ्यापासून शाळेपर्यंतची जुनी जलवाहिनी बदलण्याचे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात बंधित निधीतून घेण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. कामाचे अंदाजपत्रक पंचायत समितीच्या कनिष्ठ अभियंत्यांकडून ३० दिवसांत तयार करून घेण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची राहील. कामाची प्रगती पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावी. सूचक: … अनुमोदक: …"

सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा. दोघंही एकाच भावकीतले नकोत, शक्य असेल तर एकाच पॅनेलचेही नकोत. अनुमोदक समोरच्या गटातला मिळाला तर निम्मी लढाई सभेआधीच संपते, आणि त्यासाठी त्याच्या घरी चहाला जावं लागतं. जा. गावचं राजकारण असंच चालतं, आणि त्यात वाईट काही नाही.

महिला सभा

प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. कित्येक गावांत ती फक्त कागदावर होते. अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या चार बायकांच्या सह्या आणल्या की झाली सभा. हे मोडायला भांडण लागत नाही, बचत गटाच्या मासिक बैठकीला जोडूनच महिला सभेची वेळ मागून घ्या. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराची वेळ ठेवली तर कोण येणार? संध्याकाळी ठेवा.

महिला सभेत झालेला ठराव ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे, असा आग्रह धरा. पाणी, शौचालय, शाळेची वाट, रेशन, दारू या विषयांवर महिला सभेचा ठराव हातात असेल तर ग्रामसभेत तो उडवून लावायला पुरुष सदस्य कचरतात. दारूच्या दुकानाचा विषय असेल तर मात्र एक ध्यानात ठेवा: दुकान बंद करायचं की नाही हे ठरवणाऱ्या उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात आलेल्यांचं बहुमत चालत नाही, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. बायका त्या दिवशी लग्नाला, शेतावर गेल्या तर हातातला डाव जातो.

सभेच्या दिवशी

गणपूर्तीचा नियम असा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात, चारशेच्या गावात साठ. तेवढी नसली तर सभा तहकूब होते. खरी गोम यापुढे आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या दिवशी "कोरम नाय, चला घरी" म्हणून लोक परततात आणि नंतरच्या सभेत वीस जण बसून सगळे विषय मंजूर करतात. म्हणून तहकूब झाली की तिथल्या तिथे पुढची तारीख-वेळ विचारा, ती फलकावर लावून घ्या आणि त्या दिवशी आवर्जून हजर राहा. मोठ्या सभेपेक्षा या छोट्या सभेत तुमच्या आठ माणसांचं वजन जास्त असतं. कारभार मूळ विषयपत्रिकेबाहेर जायला लागला तर तिथेच हरकत नोंदवा.

हजेरीवहीवर सही करताना शेवटच्या सहीखाली रेघ मारून एकूण संख्या अक्षरी लिहायला सांगा. मोकळ्या ओळी राहिल्या की त्या नंतर भरतात. विषय लिहिण्याआधी कोऱ्या पानावर सही मागितली तर हसतमुखाने नाही म्हणा.

सभा सुरू झाल्यावर पहिला विषय असतो मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. "मागचं वाचलं असं समजा" अशी हाक येते आणि सगळे माना डोलावतात. इथे थांबवा. मागच्या वेळी तुमचा ठराव झाला होता की नाही, आणि झाला असेल तर कसा लिहिलाय, हे कळायची हीच वेळ. चूक असेल तर दुरुस्ती याच विषयात करून घेता येते.

बोलताना तीन मिनिटांत आटपा. आधी मागणी, मग कारण, मग हातातला कागद. मागच्या सरपंचाने काय केलं होतं, कोणाच्या शेतातून रस्ता गेला, हे काढलं की सभा तिकडेच वाहून जाते, आणि तुमचा विषय टाळायचा असलेल्यांना तेच हवं असतं. ते मुद्दाम कळ काढतील. उत्तर देऊ नका, मसुदा पुन्हा वाचा.

अध्यक्षांनी "बघू, घेऊ" म्हटलं तर विषय संपला असं मानू नका. "ठराव मताला टाका" असं स्पष्ट म्हणा. हात वर होतात, मोजणी होते. हरलात तरी 'विरोधात इतके, बाजूने इतके' ही नोंद करून घ्या. 'सर्वानुमते' हा शब्द इतिवृत्तात फार स्वस्त झालाय. तुमचा विरोध असेल तर नावासकट तो लिहून घ्यायला लावा.

एकमताने निर्णय घेणारी गावं नाहीत असं नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. पण घोषणेपेक्षा तिथला अभ्यासगट उचलण्यासारखा आहे. आधी बसून विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं आणि मगच सभेत निर्णय घ्यायचा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, त्यामागे ही सवय होती. हिवरे बाजारमध्ये पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. तिथेही आधी आकडे, मग चर्चा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. एका पानाचा ठराव तालुका ओलांडून मंत्रालयात पोचू शकतो, फक्त तो नीट लिहिलेला हवा.

सभेनंतरचा महिना

आठवड्याभरात इतिवृत्ताची प्रत मागा. ठराव क्रमांक टिपून घ्या, पुढच्या प्रत्येक पत्रात तोच वापरायचा आहे. प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकार. अर्ज विहित नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'रस्ता का केला नाही' असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत आणि अर्ज तिथेच मरतो. 'अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, हजेरीपत्रक आणि ठराव क्रमांक अमुकवर केलेल्या पत्रव्यवहाराच्या साक्षांकित प्रती' असं मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

ठराव असूनही काम हलत नसेल तर पायऱ्या ठरलेल्या आहेत: पंचायत समितीचे विस्तार अधिकारी (पंचायत), मग गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक पत्राला मागच्या पत्राची पोच जोडा. सरपंच सभाच घेत नसतील तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जा. त्यांनी मागणी केली की सरपंचांना सभा बोलवावीच लागते. पुरेसं कारण नसताना सभा टाळत राहणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं, हे बहुतेक सरपंचांना माहीत असतं. त्यामुळे पत्र गेल्याचं कळलं तरी नोटीस फलकावर लागते. आमदारांकडे धावायची घाई करू नका. त्यांनी फोन केला की काम एकदा होतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा फोनच करावा लागतो.

खुर्चीवर बसायचं असेल तर

दोन-तीन वर्षं हे करणाऱ्याला गाव आपोआप विचारतं, "उभी राहतेस का?" सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही: सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं अशी पंचायत आता सर्रास दिसते. मासिक सभेत सदस्य विषय अडवतात. अशा सरपंचाला ग्रामसभा हाच आधार असतो, आणि जो ग्रामसभेत वाढलाय त्यालाच तो वापरता येतो.

निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि 'सरपंचपती' ही जमातही तितकीच पसरली आहे. महिला सरपंचांना माझा एकच सल्ला: चेकवर सही करण्याआधी रोकडवही स्वतः वाचा, आणि ग्रामसभेत अध्यक्षांच्या खुर्चीवर स्वतः बसा, नवऱ्याला इतर मतदारांबरोबर खाली बसू द्या.

अर्ज भरायचा विचार असेल तर वर्षभर आधीपासून कागद गोळा करा. वय २१ पूर्ण हवं. राखीव जागा असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणीही लागते, आणि ती वेळ खाते. घरपट्टी-पाणीपट्टी बाकी नको, सरकारी जागेवर अतिक्रमण नको, घरात शौचालय आणि त्याचा वापर हवा. १३ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नसावं. आणि निवडणूक हरलात तरी खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत तहसीलला द्या. दोनशे रुपयांच्या पत्रकांचा हिशेब दिला नाही म्हणून पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतील.